लाल फुली

वाशीमला कचेऱ्यांच्या रस्त्यावर माझं टायपिंगचं दुकान होतं. गेल्या वर्षी मी ते बंद केलं. आधी मराठी टाइपरायटर, मग संगणक, आणि मग संगणकावर स्लाइड अन् पत्रकं, असं माझं काम बदलत गेलं. शेवटची काही वर्षं तर मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नव्हतं, सगळे 'स्लाइडवाल्या बाई' म्हणायचे. साहेबांची बैठक असो, प्राध्यापकाचं व्याख्यान असो की बचत गटाचं प्रशिक्षण असो, पडद्यावर जे दाखवायचं आणि लोकांच्या हातात जे द्यायचं, ते मी तयार करून देत असे.

हे काम म्हणजे सजावट, असं बहुतेकांना वाटतं. "बाई, मजकूर आहेच, तुम्ही फक्त फुलंबिलं टाका," असं म्हणत लोक यायचे. फुलं टाकायला पाच मिनिटं लागतात. खरं काम असतं ते काढून टाकण्याचं. एका साहेबांनी साठ स्लाइडचं सादरीकरण दिलं होतं, प्रत्येक स्लाइडवर अख्खं परिपत्रक. मागच्या खुर्चीवरच्या माणसाला हे दिसणार नाही, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुमचं काम टाइप करायचं." मी टाइप करून दिलं. प्रोजेक्टर चालवायलाही मलाच नेलं होतं. साहेब लोकांकडे पाठ करून पडदा वाचू लागले, आणि दहाव्या स्लाइडला दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाचं घोरणं सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. पुढच्या वेळी मी त्यांच्या साठ स्लाइडच्या आठ केल्या. त्यांनी विचारलं, "बाकीचं कुठं गेलं?" मी म्हटलं, "ते तुम्ही तोंडानं सांगणार आहात, साहेब." त्या दिवशी मात्र लोकांनी उठून प्रश्न विचारले. पुढे त्यांची बदली झाली, तरी तिकडून ते मलाच फोन करायचे.

एकदा पोहरादेवीच्या यात्रेत लावायच्या मोठ्या पडद्यासाठी सूचना करून दिल्या होत्या. पाणी कुठे, गाड्या कुठे, माणूस चुकलं तर कुठे जायचं. आपलं काम कसं दिसतं ते बघायला मी स्वतः गेले. गर्दीत एक म्हातारी पडद्यासमोर उभी होती, ओठ हलवत एकेक अक्षर लावत होती. तिची ओळ अर्धी होत नाही तोच स्लाइड बदलायची. मला म्हणाली, "बाई, त्याले जरा थांबव ना. मी वाचून राह्यली अन् ते पळून राह्यलं."

"काय वाचत होत्या, आजी?"

"पानी कुठी हाये ते."

मी तिला पाण्यापाशी नेलं आणि मग मंडपात जाऊन स्लाइडची वेळ तिप्पट करून घेतली. लिहिणारा आपल्या वेगानं वाचतो, ही चूक मला त्या म्हातारीनं दाखवली. त्या दिवसापासून कोणतीही ओळ लिहिली की मी ती बोट फिरवत, मुद्दाम अडखळत वाचून बघायची.

स्लाइड आणि पत्रक यांतला फरक मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. स्लाइडच्या शेजारी माणूस उभा असतो. पडद्यावर काही राहिलं, चुकलं, तर तो बोलून सावरतो. पत्रक एकटं घरी जातं. तिथं त्याच्या वतीनं बोलायला कोणी नसतं. म्हणून स्लाइड छापल्या की पत्रक झालं, असं कधी करू नये. आणि दुसरं, पत्रक कितीही रंगीत करा, गावात ते झेरॉक्स होऊनच पोचतं, झेरॉक्सचीही झेरॉक्स होऊन. तेव्हा काळ्या-पांढऱ्यात काय दिसेल ते आधी बघावं.

हे सगळं मला माहीत होतं. एका वर्षी मी ते केलं नाही. या दिवाळी अंकासाठी कामाच्या गमतीजमती लिहा असं मला सांगितलं होतं. गमती पुष्कळ आहेत, पण मी लिहायला बसते तेव्हा हेच पुढं येतं.

त्या वर्षी मी नवा रंगीत प्रिंटर आणला होता. आमच्या रांगेत तसला प्रिंटर कोणाकडे नव्हता. नेमकं तेव्हाच गावांमध्ये आरोग्याचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेचे डॉक्टर आले. साप चावल्यावर काय करायचं याचं प्रशिक्षण इंझोरीच्या बाजूच्या आशाताईंना, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना, द्यायचं होतं. डॉक्टरांना स्लाइड हव्या होत्या, आणि गावात वाटायला पत्रक.

स्लाइड मी मन लावून केल्या. डॉक्टर म्हणाले, लोक अजूनही चावल्या जागेच्या वर दोरीनं करकचून बांधतात, ते थांबवायचं आहे. तसलं चित्र कुठं नीट मिळेना. मग मी माझ्याच पायाला ओढणी बांधली आणि शेजारच्या स्टुडिओवाल्याकडून फोटो काढून घेतला. गाठ कुठं, पीळ कसा, सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यावर मी लाल फुली मारली. प्रशिक्षणात तो फोटो पडद्यावर आला की डॉक्टर काठी आपटून म्हणायचे, "हे चूक. बांधायचं नाही. पाय हलवू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना गाठायचा." बायका माना डोलवायच्या. प्रशिक्षण फार चांगलं झालं.

जाताना डॉक्टर म्हणाले, "हेच पत्रकावर घ्या."

आणि मी घेतलं. एका बाजूला 'हे करा', दुसऱ्या बाजूला 'हे करू नका'. 'करू नका'ची अक्षरं पांढरी, लाल पट्टीवर. खाली माझ्या पायाचा फोटो, त्यावर नाजूक लाल फुली. नाजूक अशासाठी, की जाड फुलीनं फोटो झाकला जात होता, आणि फोटो मला आवडला होता. त्याखाली बारीक अक्षरात 'घट्ट बांधू नका'. रंगीत कागद प्रिंटरमधून बाहेर आला तेव्हा मी तो दुकानाच्या काचेवर लावला. येणारे-जाणारे थांबून बघायचे. समोरच्या दुकानात झेरॉक्स मशीन होतं. रस्ता ओलांडून एक प्रत काढून बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

ती दोन मिनिटं मी दिली नाहीत.

पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीच्या सुमारास इंझोरीकडच्या शोभाताई दुकानात आल्या. त्या आशाताई, प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसलेल्या. कुपोषणाच्या पत्रकाचं काम घेऊन आल्या होत्या. काम सांगून झाल्यावर त्या उठल्या नाहीत.

"बाई, एक सांगू का? तुमाले वाईट वाटन."

"सांगा ना."

"आमच्या गावात वनिताचा पाय काढा लागला. भादव्यात साप चावला होता तिले, भेंड्या तोडताना. तिच्या सासऱ्यानं, आबानं, बांधला पाय. तुमच्या कागदावर जसा हाये तसाच."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "पण कागदावर तर बांधू नका असं आहे."

"मले मालूम हाये ते. पर आबाच्या कागदावर फुली नव्हती."

रंगीत पत्रकं संपल्यावर त्यांनी तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढून वाटली होती. कोणीही हेच केलं असतं. पुढच्या खेपेला त्यांनी तसली एक प्रत आणून दिली. मी ती काउंटरवर ठेवून बघितली. लाल पट्टीची काळी पट्टी झाली होती, आणि तिच्यातली पांढरी अक्षरं भरून येऊन नुसते ठिपके राहिले होते. फोटो काळपट आला होता आणि त्या काळपटात लाल फुली विरघळून गेली होती. राहिला होता तो एक पाय, त्यावर बांधलेली ओढणी, नेमकी कुठं बांधायची ते दाखवणारी. कागदावर सगळ्यात मोठं आणि सगळ्यात स्पष्ट तेच चित्र होतं. खालची 'घट्ट बांधू नका' ही ओळ चष्मा लावून डोळ्याजवळ धरली तर वाचता येत होती.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, पाय त्यामुळेच गेला का. ते म्हणाले, "घोणस चावली तर तिच्या विषानंही पाय जातो. बांधल्यामुळेच गेला असं सांगता येणार नाही. नाही असंही सांगता येणार नाही."

उरलेली पत्रकं गोळा करून जाळा, असा निरोप मी शोभाताईंना त्याच दिवशी दिला. त्यांनी कारण न सांगता घरोघर फिरून ती गोळा केली. पण मी स्वतः इंझोरीला गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. मार्चचं काम आलं, सगळ्या कचेऱ्यांची सादरीकरणं एकदम आली. मी स्वतःला सांगायची की गर्दी ओसरली की जाऊ. खरं कारण निराळं होतं. त्या घरात शिरून पहिलं वाक्य काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. दुसऱ्यांची वाक्यं नीट करण्यात माझा जन्म गेला, आणि हे एक वाक्य मला जमेना.

होळी झाल्यावर मी गेले. शोभाताई बसथांब्यावर घ्यायला आल्या होत्या. चालताना त्या म्हणाल्या, "आबा नाही राह्यले, बाई. छातीत दुखलं अन् गेले. पंधरा-वीस दिवस झाले."

मी रस्त्यातच थांबले. शोभाताई म्हणाल्या, "आता आल्या हा तं भेटून घ्या वनिताले."

वनिता ओसरीवर भेंड्या निवडत बसली होती. तिशीची असेल. शेजारी कुबडी भिंतीला टेकवून ठेवली होती. लुगड्याखाली एका बाजूला काही नव्हतं. शोभाताईंनी माझी ओळख करून दिली, कागद करणाऱ्या बाई म्हणून. वनितानं मला बसायला पोतं दिलं, आत हाक मारून पाणी आणवलं.

मी झोळीतून दोन कागद काढले, एक रंगीत आणि एक झेरॉक्स, आणि तिच्यापुढं ठेवले. म्हटलं, "हा मी केलेला कागद. आणि हा तुमच्या घरी आला तो. यात फुली दिसत नाही. ही माझी चूक आहे."

तिनं दोन्ही कागद हातात घेतले. बराच वेळ आळीपाळीनं बघितले. मला वाटलं, ती आता बोलेल, शिव्या देईल. मी त्याची तयारी करून आले होते.

ती म्हणाली, "म्हंजे आबाचं चुकलं नव्हतं."

"नाही. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी केलं."

"तुमाले मालूम हाये का दवाखान्यात काय झालं ते?"

मला माहीत नव्हतं. मग तिनं सांगितलं.

तिचा नवरा गाडी चालवतो, त्या दिवशी तो बाहेरगावी होता. साप चावला तेव्हा शेतात ती आणि आबा दोघंच. तिला घरी आणून आबांनी कपाटाच्या दारावर चिकटवलेला कागद बघितला. आबा लहानपणी दुसरीपर्यंत शाळेत गेलेले. मोठी अक्षरं लावता यायची, बारीक नाही. चित्र मात्र त्यांनी नीट बघितलं. उपरणं फाडून तसंच, तितक्याच उंचीवर, करकचून बांधलं. तिला म्हणाले, "आता जहर चढत नाही, पोरी. घाबरू नको." शेजारी मोटारसायकल होती, पण तिच्यावर बसवून नेण्यापेक्षा गाडी मागवू, असं त्यांनी ठरवलं. बांधलंय, आता घाई नाही. गाडी यायला दोन तास लागले. आधी तालुक्याला, तिथून वाशीमला, तिथून अकोल्याला.

"अकोल्यात डॉक्टर त्याईच्यावर चिडले," वनिता म्हणाली. "म्हने, बांधाले कोनं सांगतलं तुमाले? तं आबानं खिशातून हा कागद काढला. घरून निघताना दारावरून काढून आनला होता त्याईनं. डॉक्टरले दाखवला, पाहा, याच्यात हाये. डॉक्टरनं चष्मा वर करून पाह्यला अन् म्हने, बाबा, इथं लिहून हाये, बांधू नका. तुमाले वाचता येत नाही का?"

भेंड्यांची टोपली तिनं उगाच इकडची तिकडं सरकवली.

"मी पडून होती तिथी. मले सगळं ऐकू येत होतं. आबानं कागद घडी करून खिशात ठेवला. मंग घरी आल्यावर माह्यासमोर जेवाले बसले नाही कधी. कोनाले काही सांगत नव्हते. एकडाव मले म्हने, मले वाचता येत असतं तं तुहा पाय राह्यला असता. म्या म्हनलं, आबा, मी दहावी शिकलेली हावो. कागद माह्या डोयासमोर लावेल होता. म्या कधी वाचला नाही. तं ते काही ऐकाले तयार नाही."

"थांबा," ती म्हणाली. कुबडी घेऊन आत गेली आणि एक वही घेऊन आली. शाळेतली दुरेघी वही. "दिवाळीपासून माह्यापाशी शिकत होते. रोज दुपारी. तेवढंच बोलत माह्यासंग."

मी वही उघडली. आधी क, ख, ग. मग काना, मात्रा. अक्षरं वेडीवाकडी, पण दाबून लिहिलेली, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली. मधल्या पानांवर गावातल्या माणसांची नावं होती, वनिताचं नाव पुष्कळदा होतं. आणि मग चार पानं एकच गोष्ट, वरपासून खालपर्यंत. बांधू नका. बांधू नका. शेवटच्या पानावर आली तोवर ती अक्षरं चांगली सरळ झाली होती.

मी वही मिटून परत दिली. वनितानं ती मांडीवर ठेवली आणि त्या दोन कागदांकडे पुन्हा बघितलं.

"माह्या पायाचं मी काही म्हनत नाही, बाई," ती म्हणाली. "साप चावला होता, राह्यला असता का नसता, कोनाले मालूम. पर हे तुमी त्याईले सांगा लागत होतं. त्याईचं चुकलं नव्हतं हे. तुमाले कधी समजलं होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "संक्रांतीला."

तिनं मान हलवली. शोभाताई खाली बघत राहिल्या. चहा आला तो मी प्यायले, कारण न पिणं आणखी वाईट झालं असतं.

परत आल्यावर मी प्रिंटरचा नाद सोडला आणि पत्रक नव्यानं करायला घेतलं. डॉक्टर म्हणाले, 'करू नका'चीही चित्रं हवीत, नाहीतर लोकांना कळणार कसं. मी ऐकलं नाही. जे करायचं तेवढंच चित्रात ठेवलं. खाटेवर निजवलेली बाई, पाय न हलवता काठीला सैल गुंडाळलेला, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेलेली बाई, दवाखाना. चार चित्रं, काळ्या जाड रेघांची. घट्ट बांधलेला पाय कुठंच नाही. मग त्याची झेरॉक्स काढली, झेरॉक्सची झेरॉक्स काढली, असं सहा वेळा. सहावी प्रत घेऊन मी भाजीबाजारात गेले आणि ज्यांना वाचता येत नाही अशा बायकांना विचारत सुटले, यात काय दिसतं ते सांगा. एकीला काठी म्हणजे मार दिल्यासारखं वाटलं. ते चित्र बदललं. दुसरीला दवाखाना शाळेसारखा वाटला. तोही बदलला. एवढ्याशा कागदाला मला महिना लागला. आधीच्या कागदाला चार दिवस लागले होते.

छापायच्या आधी मी तो घेऊन पुन्हा इंझोरीला गेले. या वेळी शोभाताईंना सांगितलं नाही. वनिताला आता जयपूर फूट बसवला होता, पण तो बोचतो म्हणून तिनं काढून ठेवला होता. मी सहावी प्रत तिच्या हातात दिली. तिनं वाचली नाही. मुद्दाम डोळे बारीक करून, हात लांब करून नुसती चित्रं बघितली, एकामागून एक. मोटारसायकलच्या चित्रापाशी तिचं बोट बराच वेळ थांबलं.

"बराबर हाये," ती म्हणाली. "हे आबाले समजलं असतं."

आणि कागद मला परत न देता ती कुबडी टेकत तो घेऊन आत कपाटाकडे गेली.